तुर्काना सरोवराचा काठ कोणाचा?

केनियाच्या उत्तर टोकाला असलेले आणि आपल्या वरच्या टोकाने इथिओपियाच्या हद्दीत शिरलेले तुर्काना सरोवर गेल्या दीड दशकात दोनदा वृत्तपत्रांत गाजले, आणि दोन्ही वेळची कारणे परस्परविरोधी होती. पहिल्या वेळी इशारा होता तो सरोवर आटण्याचा. ओमो नदीवर इथिओपिया बांधीत असलेले गिबे-३ हे प्रचंड धरण आणि त्याखालचे उसाचे मळे या सरोवराचे पाणी तोडतील, असे अभ्यासक सांगत होते. दुसऱ्या वेळी, २०१९-२० च्या सुमारास, बातम्या आल्या त्या काठावरची घरे, शाळा आणि रस्ते सरोवराने पोटात घेतल्याच्या. धरणाच्या कैवाऱ्यांना यातून आयताच युक्तिवाद मिळाला. धरण भरले, वीज सुरू झाली आणि सरोवर आटायच्या ऐवजी वाढले; तेव्हा विरोधकांचा सारा आक्रोश पोकळ होता, असे आता उजळ माथ्याने सांगितले जाते.

हा युक्तिवाद सोपा असल्यामुळे पसरतो. परंतु तो एका गृहीतावर उभा आहे. सरोवराचे बरेवाईट पाण्याच्या पातळीच्या एका आकड्यावरून ठरते, हे ते गृहीत होय. ते तपासून पाहायचे तर आधी या सरोवराची रचना समजून घ्यावी लागते.

पूर्व आफ्रिकेचा भूभाग लक्षावधी वर्षांपासून उभा चिरत आहे, आणि त्या चिरेत खचलेल्या जमिनीची जी लांबलचक खचदरी तयार झाली आहे, तिच्या पूर्व शाखेत तुर्काना वसले आहे. उत्तर-दक्षिण लांबी सुमारे २५० किलोमीटर, सरासरी रुंदी ३० किलोमीटरांच्या आसपास आणि क्षेत्र सात हजार चौरस किलोमीटरांहून थोडे अधिक. वाळवंटी प्रदेशात असलेले जगातील हे सर्वांत मोठे कायमचे सरोवर मानले जाते. दक्षिणेकडे ज्वालामुखींचा बांध आडवा पडलेला आहे आणि तिथे काठ खडकाळ व उभा आहे. सरोवराची खोलीही त्याच बाजूला शंभर मीटरांच्या पुढे जाते. उत्तरेकडे मात्र ओमोने आणलेल्या गाळाने तळ भरत आला आहे, आणि काठ इतका सपाट आहे की पाणी एक मीटर चढले किंवा उतरले तरी तो कित्येक किलोमीटर पुढेमागे सरकतो. पश्चिमेला कालोकोलजवळचे फर्ग्युसन आखात हाही असाच उथळ भाग. म्हणजे दक्षिणेत पातळी बदलली तर खडकावरची पाण्याची खूण तेवढी हलते. उत्तरेत आणि पश्चिमेत माणसांची वस्ती हलते.

या सरोवरातून एकही नदी बाहेर पडत नाही. जे पाणी येते ते उन्हाने आणि वाऱ्यानेच परत जाते. त्यामुळे त्याचा जमाखर्च शाळकरी मुलालाही मांडता यावा इतका सरळ आहे. दरवर्षी बाष्पीभवनाने पाण्याचा सुमारे सव्वादोन ते अडीच मीटर थर उडून जातो. सात हजार चौरस किलोमीटर क्षेत्राला सव्वादोन मीटरांनी गुणले तर जवळजवळ १६ अब्ज घनमीटर पाणी होते. एवढा खर्च भरून निघतो तो मुख्यतः एका नदीमुळे. सरोवरात येणाऱ्या पाण्यापैकी ८० ते ९० टक्के पाणी इथिओपियाच्या डोंगराळ मुलखातून वाहत येणारी ओमो आणते. केनियातल्या तुर्क्वेल आणि केरियो या नद्या वर्षातला बराच काळ कोरड्या असतात, आणि सरोवरावर प्रत्यक्ष पडणारा पाऊस नगण्यच. जमा एका हाताची, खर्च सूर्याच्या हाती. जमेत घट झाली तर खर्च कमी करण्याचा सरोवरापाशी एकच उपाय असतो, आणि तो म्हणजे आपले अंग आखडून घेणे.

असे आखडणे आणि पसरणे त्याने आजवर अनेकदा केले आहे. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी आफ्रिकेत पावसाचे मान मोठे असताना तुर्कानाची पातळी आजच्यापेक्षा ८० ते १०० मीटरांनी वर होती आणि त्याचे पाणी वायव्येकडून ओसंडून नाईलच्या खोऱ्यात जात होते. पाच हजार वर्षांपूर्वीच्या सुमारास तो ओलावा संपला, तेव्हापासून सरोवर बंदिस्त झाले. याच सरकत्या काठांच्या गाळात आदिमानवाचे सांगाडे जतन झाले. १९८४ साली पश्चिम काठाजवळ नारिओकोटोमे येथे सापडलेला, पंधरा लाख वर्षांपूर्वीच्या मुलाचा जवळजवळ पूर्ण सांगाडा हे त्याचे विख्यात उदाहरण.

युरोपीय साम्राज्यवाद्यांना ही चंचलता कळली नाही. १८८८ मध्ये काउंट तेलेकी आणि फॉन ह्योनेल येथे पोहोचले, आणि काठावर शतकानुशतके राहणाऱ्यांनी दिलेली नावे बाजूला सारून सरोवराला ऑस्ट्रियाच्या युवराजाचे, रुडॉल्फचे, नाव देण्यात आले. तुर्काना हे नाव मिळायला १९७५ साल उजाडावे लागले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरोवर भरलेले होते आणि वायव्येस सँडर्सन आखात नावाचा त्याचा एक फाटा पसरला होता. युगांडा आणि सुदान या आपल्याच दोन मुलखांमधली सीमा ब्रिटिशांनी १९१४ साली आखली, तेव्हा सुदानलाही सरोवराचे पाणी मिळावे म्हणून ती या आखातापर्यंत नेली. पुढच्या काही दशकांत सरोवर १५ मीटरांहून अधिक उतरले आणि आखात कोरडे पडले. ज्या पाण्यासाठी रेघ वाकडी केली ते पाणी गेले, रेघ तेवढी राहिली, आणि तिच्या अवतीभवतीचा इलेमी त्रिकोण हा प्रदेश तेव्हापासून वादात अडकला. उलट दिशेने ओमोचा त्रिभुज प्रदेशही वाढत गेला. १९७० च्या दशकापासून पुढच्या वीसेक वर्षांत पातळी उतरताना त्याने शेकडो चौरस किलोमीटर नवी जमीन उघडी केली आणि ती केनियाच्या हद्दीपर्यंत येऊन भिडली. उपग्रहांच्या चित्रांत हे सारे स्पष्ट दिसते.

आता मूळ प्रश्नाकडे वळता येते. पाणी आणि कोरडी जमीन यांच्यामधला हा सरकता पट्टा कोणाचा? नकाशावर तो कुठेच नसतो. तिथे निळ्या रंगाला एक काळी कड असते. परंतु तिथल्या माणसांची सारी उपजीविका या पट्ट्यातच आहे. पूर ओसरल्यावर उघड्या पडलेल्या ओल्या गाळात ओमोच्या काठचे दासनेच, न्यांगातोम, कारा, मुर्सी आणि बोदी लोक ज्वारी पेरतात. नांगर नाही, कालवा नाही, खत नाही. जमिनीत मुरलेल्या ओलीवर पीक उभे राहते. उजनी किंवा जायकवाडीच्या फुगवट्याकाठी ज्या जमिनीला गाळपेर म्हणतात, तिची कल्पना ज्यांना आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. फरक एवढाच की धरणाच्या काठची गाळपेर हा विस्थापितांना मिळालेला तोकडा मोबदला असतो, आणि ओमोच्या काठी तीच मुख्य शेती आहे. पावसाचा भरवसा नसलेल्या त्या मुलखात वर्षाचे खात्रीचे धान्य तेच. पाणी मागे हटले की मागे उगवणाऱ्या गवतावर दुष्काळात जनावरे जगतात. आणि पाणी चढते तेव्हा बुडालेल्या गवतात मासे अंडी घालतात. उजनीचे मच्छीमार ज्याला चिलापी म्हणतात, त्या तिलापियाचा एक भाऊबंद याच सरोवराचा मूळ रहिवासी आहे, आणि फर्ग्युसन आखातासारखी उथळ पाणवठ्याची जागा हे त्याचे माहेर.

म्हणजे या लोकांना पाणी हवे आहे ते चढणारे आणि उतरणारे. ओमोला जून ते सप्टेंबर या काळात पूर येतो, त्यापाठोपाठ सरोवर वर्षाच्या उत्तरार्धात सुमारे एक मीटर चढते आणि मग हळूहळू उतरते. हा दरवर्षीचा श्वासोच्छ्वास त्यांच्या उत्पादनाचे साधन आहे. मात्र या साधनाचा सातबारा कोणाच्या नावावर नाही, त्याची किंमत कोणत्याही खतावणीत लिहिलेली नाही, आणि म्हणूनच नियोजनकाराच्या लेखी ते शून्य ठरते.

नियोजनकार दुष्ट असावा लागतो असेही नाही. नॉर्वेचे उदाहरण बोलके आहे. १९६० च्या दशकाच्या आरंभी दुष्काळाने पशुधन गमावलेल्या तुर्काना कुटुंबांना सरोवराकाठच्या छावण्यांत आणून मासेमारीकडे वळवण्यात आले. पुढे नॉर्वेच्या सरकारने मदत देऊ केली, आणि १९८० च्या दशकाच्या आरंभी कालोकोल येथे मासे गोठवण्याचा आधुनिक कारखाना उभा राहिला. हेतू चांगला होता, पैसा अनुदानाचा होता, नफेखोरीचा संशय घ्यायला जागा नव्हती. परंतु वाळवंटात शीतयंत्रे चालवण्याचा खर्च माशांच्या किमतीत बसेना. त्यातच ज्या फर्ग्युसन आखाताच्या भरवशावर हा कारखाना बांधला, ते आखात त्याच दशकात सरोवर उतरताच कोरडे पडले. कारखाना जेमतेम सुरू होऊन बंद झाला. १९७० च्या दशकात, सरोवर भरलेले असताना जो काठ पाहिला, तो कायमचा आहे असे धरून चालण्याची ही किंमत होती. तुर्काना पशुपालकांना हे आधीच माहीत होते. मासेमारी हा त्यांच्या दृष्टीने वाईट वर्षांचा आधार होता, आणि आधाराची जागा बदलते हे त्यांनी पिढ्यान्पिढ्या पाहिलेले होते. त्यांना कोणी विचारले नाही.

गिबे-३ ची गोष्ट याहून वेगळ्या जातीची आहे, कारण तिच्यामागे भोळी सदिच्छा नाही, राज्यसंस्थेची सारी ताकद आहे. २००६ साली काम सुरू झाले. इटलीच्या सालिनी कंपनीला ते स्पर्धात्मक निविदेविनाच देण्यात आले. धरणाची उंची सुमारे २४० मीटर, म्हणजे कोयनेच्या दुपटीहून अधिक. जलाशयात सुमारे साडेचौदा अब्ज घनमीटर, म्हणजे पाचशे टीएमसीच्या पुढे पाणी मावते. कोयनेच्या शिवसागराच्या पाचपट. वीजनिर्मितीची क्षमता १,८७० मेगावॅट. युरोपीय आणि आफ्रिकी विकास बँकांनी पैसा घालण्याचे टाळले, तेव्हा यंत्रसामग्रीसाठी चीनच्या बँकेने कर्ज दिले. २०१५ च्या आरंभी जलाशय भरायला लागला आणि २०१६ च्या डिसेंबरात धरणाचे उद्घाटन झाले.

इथिओपियाला वीज नको होती असे म्हणणे हा निव्वळ ढोंगीपणा ठरेल. त्या देशातील कोट्यवधी घरे अंधारात आहेत, आणि स्वतःची सारी घरे उजळलेल्या देशांनी त्याला संयमाचा उपदेश करावा यात औचित्य नाही. पुराचा प्रश्नही खरा होता. २००६ च्या ऑगस्टमध्ये ओमोच्या पुराने त्रिभुज प्रदेशातील शेकडो दासनेच बुडाले, आणि धरण पूर रोखील असे सरकारने तेव्हापासून सांगितले. मात्र प्राण घेणारा पूर आणि पेरणीपुरता पूर यांत अंतर असते. सरकारने दुसऱ्याची सोय म्हणून दरवर्षी दहा दिवस कृत्रिम पूर सोडण्याचे आश्वासन प्रकल्पाच्या कागदपत्रांत दिले होते. तीन महिन्यांच्या पुराला दहा दिवसांचा पर्याय! त्यातही, पाणी साठवून वर्षभर सारख्या प्रमाणात यंत्रांवर सोडण्यात धरणाची कमाई असते. एकदम सोडलेले पाणी म्हणजे बुडालेली वीज. असे आश्वासन पाळले जाईल ते सोडणाऱ्याच्या मर्जीनुसार, कारण घेणाऱ्याच्या हाती कोणताही हक्क दिलेला नाही. धरणानंतर खालच्या ओमोला पूर्वीसारखा पूर आला नाही आणि गाळपेरीची ज्वारी गेली, हे त्या खोऱ्यात काम केलेल्या अनेक अभ्यासकांनी नोंदवले आहे.

विजेपेक्षा गंभीर प्रश्न उसाचा आहे. वीज पाणी वापरते आणि सोडून देते. ऊस ते पिऊन टाकतो. २०११ साली इथिओपियाच्या सरकारने खालच्या ओमोत कुराझ साखर प्रकल्प जाहीर केला. आरंभीचा आकडा पावणेदोन लाख हेक्टरांचा होता, तो पुढे एक लाख हेक्टरांवर आणला गेला. बोदी आणि मुर्सी लोकांना गुरे कमी करून नव्या वसाहतींत जाण्यास सांगण्यात आले, आणि या कामी झालेल्या बळजोरीची नोंद मानवी हक्क संघटनांनी केली आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला उसाची तहान ठाऊक आहे. त्या उष्ण मुलखात उसाला वर्षाला दोन मीटर पाणी लागते असे धरले, तर एक लाख हेक्टरांना, म्हणजे एक हजार चौरस किलोमीटरांना, निव्वळ दोन अब्ज घनमीटर पाणी हवे. कालव्यांची गळती निराळी. सरोवराची एकूण जमा १६ अब्जांच्या आसपास आहे हे वर आलेच आहे. जमेतला आठवा हिस्सा कायमचा गेला, तर खर्चाचा मेळ बसण्यासाठी सरोवराचे क्षेत्र कालांतराने आठव्या हिश्श्याने, म्हणजे आठनऊशे चौरस किलोमीटरांनी, घटावे लागेल. ते कोठून घटेल? दक्षिणेच्या खोल, खडकाळ भागातून नव्हे. ते घटेल उत्तरेच्या त्रिभुज प्रदेशातून आणि पश्चिमेच्या उथळ आखातांतून. म्हणजे नेमके जिथे मासे वाढतात आणि माणसे राहतात तिथून. शिवाय पाणी उरेल ते अधिक खारे असेल, आणि आताच ते पिण्याच्या योग्यतेच्या सीमेवर आहे.

मग हे सारे घडले का नाही? जलाशय भरत असताना, २०१५ नंतरच्या दोनअडीच वर्षांत, सरोवर उतरले हे मोजमापांत दिसते. जलाशयाचे पाणी सरोवराच्या क्षेत्रावर पसरले तर दोन मीटरांचा थर होतो, तेव्हा यात नवल नाही. त्यानंतर मात्र पाऊस मदतीला धावला. २०१० नंतर पूर्व आफ्रिकेच्या खचदरीत पावसाचे मान वाढले होते, आणि २०१९ च्या अखेरीस हिंदी महासागराचा पश्चिम भाग असाधारण तापल्यामुळे तिथे अतिवृष्टी झाली. तुर्कानाच नव्हे, बारिंगो, बोगोरिया, नैवाशा, नाकुरू ही सगळीच सरोवरे चढली. यांपैकी कोणत्याही सरोवराच्या माथ्यावर गिबे-३ सारखे धरण नाही, हे लक्षात घेतले म्हणजे तुर्काना कशाने चढले ते समजते. दुसरीकडे कुराझची लागवड घोषणेच्या फार मागे रेंगाळली. म्हणजे उसाचा बोजा अजून पूर्णपणे पडलेला नाही, आणि जो पडला तो पावसाने झाकला. चांगल्या पावसाच्या वर्षी सावकाराचा हप्ता जाणवत नाही म्हणून कर्ज फिटले असे होत नाही.

वाढलेल्या पाण्याचा ताप कोणाला झाला तेही पाहण्यासारखे आहे. केनिया सरकारने २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात खचदरीतील सरोवरांच्या वाढीमुळे सुमारे ७६ हजार कुटुंबे बाधित झाल्याची नोंद आहे. तुर्कानाचे क्षेत्र एका दशकात जवळजवळ एक दशांशाने वाढले. आग्नेय काठावर एल मोलो ही अगदी लहान, मासेमारीवर जगणारी जमात राहते. तिच्या कोमोटे गावाला जोडणारी जमिनीची पट्टी बुडाली, गाव बेट झाले आणि गोड्या पाण्याची वाहिनी पाण्याखाली गेली. सरोवर उतरो की चढो, भरपाईच्या वेळी सरकारचा प्रश्न एकच असतो: जमिनीचा कागद दाखवा. सरकत्या काठावर राहणाऱ्यापाशी कागद नसतो. पूर्वी पाणी चढले की तो मागे सरकत असे, कारण मागे जमीन मोकळी होती. आता मागे शासकीय इमारती, राष्ट्रीय उद्यान किंवा दुसऱ्या जमातीची चराई आहे, आणि म्हणून तेच नैसर्गिक चढणे आता आपत्ती म्हणून ओळखले जाते.

नैरोबीचे सरकार यावर गप्प का, हा प्रश्न विचारला जातो. उत्तर व्यवहारात आहे. २०२२ च्या अखेरीपासून केनिया इथिओपियाकडून २०० मेगावॅट वीज विकत घेऊ लागला, आणि त्यासाठीची उच्चदाबाची वाहिनी ओमोच्या खोऱ्याच्या दिशेनेच खाली आली आहे. ज्या धरणाने आपल्या नागरिकांच्या पाण्यावर नियंत्रण मिळवले, त्याच्याच देशाचे सरकार ग्राहक झाले. यात राजधानीचे कारखाने आणि घरे यांचा लाभ आहे, तुर्कानाच्या काठचा नाही. तिथल्या बहुतेक गावांत ती वीज पोहोचतही नाही. राष्ट्र विरुद्ध राष्ट्र असा हा झगडा नाहीच. दोन्ही राजधान्या एका बाजूला आहेत आणि दोन्ही देशांच्या टोकाचे पशुपालक दुसऱ्या बाजूला.

यात भारत तिऱ्हाईत आहे असेही नाही. ओमोच्या प्रकल्पात भारतीय पैसा नसला, तरी इथिओपियाच्या साखर उद्योगाला भारताच्या निर्यात-आयात बँकेने २००७ पासून एकूण ६४ कोटी डॉलरांचे कर्ज दिले, आणि त्यातला मोठा वाटा तेंडाहोच्या कारखान्याकडे गेला. तेंडाहो आवाश नदीवर आहे. ही नदीही खचदरीतलीच, तीही समुद्राला मिळत नाही, आणि तिच्या शेवटी असलेले आबे सरोवर वरच्या सिंचनामुळे गेल्या शतकातच आक्रसले आहे. तिथे चराई गमावली ती अफार पशुपालकांनी. भारतीय संसदेत या कर्जाच्या परतफेडीविषयी विचारणा होऊ शकते, तशी त्या काठाविषयीही व्हायला हरकत नव्हती.

युनेस्कोने तुर्कानाकाठच्या उद्यानांना १९९७ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि २०१८ मध्ये त्यांना धोक्यातील वारशाच्या यादीत टाकले. त्या निर्णयाचा उपयोग आहे, परंतु त्याच्या केंद्रस्थानी मगरी, पाणपक्षी आणि जीवाश्म आहेत. दासनेचांची ज्वारी वारशात मोडत नाही. इथिओपिया आणि केनिया यांच्यात ओमोच्या पाण्याविषयी बंधनकारक करार झालेला नाही. तसा करार व्हायचा तर त्यात पाण्याच्या एकूण वाट्याइतकेच महत्त्वाचे कलम असले पाहिजे ते पुराच्या वेळापत्रकाचे: कोणत्या महिन्यात, किती दिवस, किती पाणी सोडायचे, ते मोजणार कोण, आणि न सोडल्यास बुडालेल्या पिकाचे दाम कोणी द्यायचे. धरणातून रोज किती पाणी सुटते हा आकडा खालच्या गावांना आदल्या दिवशी कळावा, एवढी साधी मागणीही अजून पुरी झालेली नाही. दरम्यान गिबे-३ च्या खाली कोयशा हे तितकेच प्रचंड धरण २०१६ पासून बांधले जात आहे. त्याचा जलाशय भरू लागेल त्या वर्षी पाऊस कसा असेल हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि करार करायचा असेल तर तो त्याच्या आधी व्हायला हवा.